शून्य रुपयांच्या तिकिटाचा त्रिकोण

छत्तिसाव्या वर्षी मी दहावीला बसले. बाकी विषय सुटले, गणित दोनदा गेलं. उद्यमबागेतल्या कारखान्यात मी झाडू मारायची. मापं तपासायच्या टेबलावर बसायचं तर दहावी पास हवी. साहेब जूनपर्यंत थांबणार होते. मला ते टेबल हवं होतं, अगदी हट्टानं.

माझा स्वभाव वाकडा. दिसल्याशिवाय पटत नाही. लेक तेजस्वी शिकवायला बसली की म्हणायची, "आई, कुठल्याबी त्रिकोणाचे तीन कोन मिळून एकशे ऐंशी. पाठ कर गं."

"कुठल्याबी? तू समदे मोजून आलीस व्हय?"

तिनं कपाळावर हात मारला, कागदाचा एक त्रिकोण कापून माझ्या पुढ्यात टाकला आणि चहा ठेवायला गेली.

ओटीच्या खणांच्या त्रिकोणी घड्या घालून माझ्या बोटांना खोडच लागली आहे. दोन तिरक्या बाजूंचे मध्यबिंदू चिमटीत धरून त्यांच्यामधून घडी पाडली. वरचं टोक खालच्या बाजूवर टेकलं. उरलेली दोन टोकंही तिथंच वळवली. तिन्ही कोन एकमेकांना खेटून सरळ रेषेत बसले, फट म्हणून नाही. मी अशी ओरडले की तेजूचा चहा उतू गेला. आनंदानं मला हसू आवरेना.

परीक्षेत तोच प्रश्न आला. एक कोन पन्नास, दुसरा साठ, तिसरा किती? आणि माझं डोकं कोरं. बेरीज एकशे ऐंशी की तीनशे साठ? मुठीत बसचं तिकीट होतं, सरकारी बसमध्ये बायकांना फुकट प्रवासासाठी मिळतं ते शून्य रुपयांचं. त्याचा त्रिकोण फाडला, घडी घातली. सरळ रेघ! म्हणजे एकशे ऐंशी. लिहिलं, सत्तर.

तेवढ्यात पर्यवेक्षक सर धावत आले. "कॉपी करता व्हय बाई? आणा ते इकडं!"

त्यांनी तिकीट उलटसुलट पाहिलं. "ह्यात उत्तर कुठाय?"

"लिवलेलं न्हाय सर. घडीत हाय."

मी पुन्हा घालून दाखवली. सरांनी स्वतः एकदा घालून पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला. "मी कन्नडचा मास्तर. मला शाळेत असं कुणी दावलंच न्हाय," म्हणत त्यांनी तिकीट माझ्या बाकावर ठेवलं.

गणितात बावन्न पडले. टेबलावरच्या पहिल्याच दिवशी साहेब एक नग पुढे करून म्हणाले, "रचनाबाई, हा बरोबर आहे, सही करा."

मी म्हटलं, "मोजल्याबिगर न्हाय, साहेब."