फोटो कुणी काढला?

मी एक फोटो. आता कुणाला दिसत नाही, म्हणून बोलतोय.

माझ्यात एक जुळारी आहे. छापखान्यात शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारा. सोबतच्या मशीनमनने नवा कॅमेरा घेतला होता, पहिलाच रोल. "मान वर कर," तो म्हणाला. जुळाऱ्याने काही मान वर केली नाही, ओळ अर्धी होती. तसाच मी जन्मलो.

पुढे जुळारी वारला. मग मशीनमनही गेला. त्याच्या मागेपुढे कुणी नव्हतं. मी जुळाऱ्याच्या घरी कपाटाच्या दाराला आतून चिकटलेला. ओल आली, मला बुरशी धरली. मुलीने घाईघाईने मोबाइलवर माझी प्रत काढली आणि इंटरनेटवरच्या एका सार्वजनिक संग्रहात ठेवली. तिथलं सगळं कुणीही बघावं, वापरावं, फुकट. "आता बाबा कुठे जात नाहीत," ती आईला म्हणाली. जन्मभर दुसऱ्यांची नावं जुळवणाऱ्या माणसाचं नाव माझ्याखाली पहिल्यांदा झळकलं. कुठकुठली मुलं मला बघून जुनी छपाई शिकू लागली.

मग संग्रह सांभाळणाऱ्या एका स्वयंसेवकाने विचारलं, फोटो कुणी काढला? तिने खरं ते कळवलं. हक्क फोटो काढणाऱ्याचा, उत्तर आलं; त्याची किंवा वारसाची लेखी परवानगी सात दिवसांत हवी. तिने मशीनमनच्या मृत्यूचा दाखला पाठवला, छापखान्यातल्या म्हाताऱ्यांची पत्रं पाठवली. स्वयंसेवक वाईट नव्हता. मलाही वाईट वाटतं, पण नियम आहे, असं त्याने लिहिलं.

धाकटा भाऊ म्हणाला, "तूच काढलास म्हणून टाक. कोण बघायला येतंय?"

ती म्हणाली, "काकांनी काढलाय तो. माझा कसा म्हणू?"

आठव्या दिवशी मला काढून टाकलं. तोवर मोबाइल बिघडला होता, कपाटातला कागद गळून गेला होता. निदान एक प्रत द्या, तिने विनवलं. परवानगीशिवाय देता येत नाही, असं कळवण्यात आलं.

मी मेलेलो नाही. कुठल्याशा यंत्रात कुलूपबंद पडून आहे. मशीनमनला जाऊन साठ वर्षं झाली की सोडतील म्हणे. नऊ झालीत. जुळाऱ्याची बायको एक्क्याऐंशीची आहे.

परवा तिने मुलीला विचारलं, "अगं, ह्यांच्या गालावर तीळ होता ना? कुठल्या गालावर?"

मुलीलाही सांगता येईना.

डाव्या. मला दिसतोय. नियम तुमचे तुम्ही सांभाळा; एवढं फक्त तिच्या कानावर घाला.