गंजीतली गाडी

शिरूरच्या मिशन कंपाउंडात पोर्च एकच होता आणि त्यावर नथानिएल मास्तरांचं राज्य होतं. पोर्चात मास्तरांची सायकल, सायकलीला टेकून कोंबड्यांच्या खाद्याची पोती आणि पोत्यांना टेकून स्वतः मास्तर. शाळेतून ते निवृत्त झाले होते, पण नकार देण्यातून झाले नव्हते. कंपाउंडाचे सेक्रेटरी म्हणून ते काम अजून त्यांच्याकडेच होतं.

"पोर्चमध्ये जागा नाही, दबोराबाई."

"पोती खोलीत हलवली तर होईल."

"मग खोलीत जागा होणार नाही."

प्रश्न गाडीचा होता. सत्तावन्न सालच्या होळीला दवाखान्यातल्या डॉक्टर मिससाहेब कायमच्या मायदेशी गेल्या आणि जाताना चारचौघांसमोर आपली सुट्टीची गाडी दबोराबाईंना देऊन गेल्या. सुट्टीची गाडी म्हणजे चाकांवरची खोली. दोन बिछाने, मिटणारं टेबल, कप्पे, पाण्याची टाकी, काचेच्या खिडक्या. भिंती प्लायवूडच्या, छतावर ताडपत्री. पूर्वी ती जीपमागं जायची. जीप मिशननं ठेवून घेतली, म्हणून दबोराबाईंनी लोहाराकडून पुढच्या कड्याला बैलांची दांडी बसवून घेतली. लोहार म्हणाला, "बाई, हे काय, देवाचा रथ का?" बाई म्हणाल्या, "देवाला असतो, मग नर्सला का नको?"

दबोराबाई त्याच दवाखान्यातल्या नर्स. साऱ्या नोकरीभर त्या दर हिवाळ्यात या गाडीबरोबर हिंडल्या, पण आत मिससाहेब आणि त्यांची कुणी पाहुणी. दबोराबाई बाहेर राहुटीत, स्टोव्हशेजारी. आता नोकरी संपली होती आणि गाडी त्यांची झाली होती. येत्या थंडीत त्या या गाडीतून हवा खायला जाणार होत्या, एकट्या. हे त्यांनी सांगितलं तेव्हा कंपाउंडातल्या बायकांना हसावं की प्रार्थना करावी ते कळेना.

मधे फक्त पावसाळा होता.

"प्लायवूड आहे, बाई," मास्तर गोड आवाजात म्हणाले. "पावसात फुगतं, मग पापुद्रे सुटतात. पंचांनी ठरवलंय, दिवाळीनंतर गाडी बघायची. धड असली तर तुमची. कुजली असली तर कंपाउंडात मोडकं सामान ठेवता येत नाही. मग तिचा काहीतरी उपयोग करू."

उपयोग काय, हे सगळ्या कंपाउंडाला ठाऊक होतं. मास्तरांनी विलायती पांढऱ्या कोंबड्या आणल्या होत्या आणि त्यांना खुराडं नव्हतं. संध्याकाळी मास्तर गाडीभोवती फिरत, वाकून आत बघत. कोंबड्या कुठं बसतील, अंडी कुठून काढायची, सगळं त्यांच्या मनात मांडून झालं होतं. राहिला होता तो फक्त पाऊस.

वैशाखात दबोराबाईंनी पदर खोचला. गाद्या उन्हात टाकल्या, बडवल्या, घरात नेल्या. टाकी उपडी करून थेंब न् थेंब काढला. कप्पे पुसून त्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला भरला. जिथून टाकीची नळी बाहेर जायची ती भोकं शेणामातीत काच कुटून बुजवली, म्हणजे उंदरानं तोंड घातलं तर पुन्हा घालू नये. आसाला वंगण दिलं. लोहाराकडून गाडी उचलून घेऊन खाली दगड रचले, चाकं अधांतरी केली. सगळं झालं. मग त्यांनी वर आभाळाकडं पाहिलं, आणि कंपाउंडाच्या भिंतीपलीकडं तात्याबाच्या वावरात पाहिलं.

तात्याबाचे बाप-आजे मेंढरं हाकत आले आणि घोडनदीच्या पाण्याला भुलून थांबले. तात्याबा आता पक्का कुणबीक करणारा. त्याचा ज्वारीचा कडबा वावरात पडला होता आणि पावसाआधी त्याची गंजी रचायची होती. दबोराबाई बांधावर जाऊन उभ्या राहिल्या.

शिरूर भागात सौदा करायची एक रीत आहे. ज्याला गरज असते त्यानं उपकार करायला आल्यासारखं बोलायचं.

"तात्याबा, गेल्या वर्षी तुमच्या गंजीचं पोट काळं पडलं होतं."

"पडलं थोडं."

"थोडं? बैल तोंड फिरवत होते. आत हवा नव्हती. ढेरपोट्या माणसासारखी गंजी रचता तुम्ही. मधे पोकळी हवी."

तात्याबानं टोपी मागं सरकवली. "पोकळ गंजी कशी रचत्यात? मधी काय फुगा धरायचा?"

"माझी गाडी आहे की मधे धरायला."

तात्याबा भिंतीवरून गाडीकडं बघत राहिला. मग खो खो हसला. "अवं बाई, गंजीत गाडी? उद्या म्हनाल चुलीत फटफटी ठिवा!"

"नको तर राहू दे. मी आपलं तुमच्या बैलांसाठी म्हटलं."

त्या वळल्या. चार पावलं गेल्यावर मागून हाक आली. आली नसती, तरच नवल होतं.

"बाई, गाडीच्या छतावर वजन न्हाई ना चालायचं?"

"नाही."

"मग चार मेढी रोवाव्या लागत्याल. वर आडवी लाकडं. ती कुनाची?"

"मेढी तुमच्या, सुतळी माझी. आणि थंडीत बैलजोडी तुमची."

"आन् माज्या बायकूला, बानूला कंबरंला चोळाय त्याल लागतं, ते कुनाचं?"

"माझं."

दोघांनाही वाटलं, समोरच्याला गुंडाळलं. सौदा असाच टिकतो.

दगड काढून भिंतीतल्या फाटकातून गाडी वावरात नेली आणि तिथं पुन्हा दगडांवर चढवली. मेढी रोवल्या, वर उतरतं लाकूडकाम केलं आणि पेंढी पेंढी लावत आठवड्यात गाडी कडब्यात गडप झाली. एका अंगाला फक्त हात जाईल एवढी फट ठेवली, दबोराबाईंना रोज हात घालून बघता यावं म्हणून. मास्तर भिंतीशी येऊन म्हणाले, "आग लागेल."

"तुम्ही विडी सोडली ना, मास्तर?"

मास्तर परत गेले. विडी त्यांनी सोडली होती ती फक्त बायकोपुरती.

आषाढ बरा गेला. गाडी कोरडी. श्रावणात मात्र ढग यायचे, गावाकडं बघायचे आणि पुढं जायचे. गवत करपलं. त्यात दौंडच्या अंगानं मेंढरांचा कळप घेऊन भैरू आला. भैरू म्हणजे बानूबाईचा सख्खा भाऊ. बापाची वाट त्यानं सोडली नव्हती. मेंढरांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी त्यांची दशा.

"मेव्हणं, जनावरं मरत्यात," भैरू म्हणाला.

तात्याबानं दबोराबाईंच्या खोलीकडं बघितलं, मग बानूबाईकडं बघितलं. बायकोच्या भावाला नाही म्हणणारा नवरा त्या मुलखात अजून जन्मायचा होता.

"घे," तात्याबा म्हणाला, "पर गंजी हालता कामा न्हाई. बाईंची गाडी हाय आत."

भैरू शब्दाचा पक्का. त्यानं गंजी हलू दिली नाही. रोज पहाटे वरच्या पेंढ्या काढायच्या, मेंढरांपुढं टाकायच्या आणि मेंढरांचं झालं की पुन्हा जाग्यावर नीट लावून ठेवायच्या. मेंढरू ज्वारीच्या ताटाला तोंड लावत नाही, पाला तेवढा ओरबाडतं. त्यामुळं गंजी लांबून होती तशीच दिसे. फक्त पाणी अडवणारा पाला होता तो मेंढरांच्या पोटात गेला होता. छत्रीचं कापड फेडून घ्यावं आणि काड्या उघडून ठेवाव्यात, तसा प्रकार.

भादव्यात एक दिवस दबोराबाईंनी फटीतून हात घातला. हाताच्या पाठीवर ऊन पडलं.

त्यांनी हात काढला, उलटा सुलटा केला, पुन्हा घातला. पुन्हा ऊन.

"तात्याबा!"

तात्याबा आला. भैरूही आला. बानूबाई दळण टाकून आली. दबोराबाईंनी वरची पेंढी ओढून काढली आणि त्यांच्यापुढं धरली. नुसत्या काड्या.

"गंजी हाय की जाग्याव," भैरू म्हणाला.

"गंजी आहे. छप्पर कुठंय?"

भैरूनं मेंढरांकडं पाहिलं. मेंढरं निवांत रवंथ करत होती.

भिंतीपलीकडून मास्तरांचं डोकं वर आलं. "हस्ताचा पाऊस यायचाय अजून," ते म्हणाले. आवाजात हळहळ होती, पण तोंडावर बसली नव्हती. "मी सुताराला सांगून ठेवलंय. खणांची मापं घ्यायला."

तात्याबा मान खाली घालून म्हणाला, "बाई, चुकलं. दुसरा कडबा न्हाई. गावात कुनाकडंच न्हाई."

बाळंतिणीच्या नाडीवर बोट ठेवून उभ्या राहायच्या, तशा दबोराबाई गंजीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग त्यांची नजर भैरूच्या बिऱ्हाडावर गेली. घोड्यावरून उतरवलेला गठ्ठा तिथं होता. नवी कोरी घोंगडी, एकावर एक. दसऱ्याच्या बाजारासाठी भैरूनं विणून घेतलेली.

"भैरू, छप्पर कुणी खाल्लं?"

"मेंढरांनी."

"मग छप्पर मेंढरांनीच द्यायचं."

भैरूला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. झाल्यावर तो गठ्ठ्यावर जाऊन बसला. "न्हाई बाई! कोरी हायती! चिंचोक्याची खळ हाय त्यास्नी. एक डाव भिजली की गिऱ्हाईक हात लावायचं न्हाई!"

"जुनी घोंगडी घेऊन तू पावसात उभा राहतोस ना? आत पाणी शिरतं?"

"न्हाई, वरनंच पळतं. पर ते मानसाचं. ही तर गाडी हाय!"

"माणसाला चालतं ते गाडीला चालेल."

"पर बाई..."

"उठ की मुडद्या!" बानूबाई कडाडली. "तुझी सासू म्हनत हुती बाळ आडवं हाय, आता काय जगत न्हाई. तवा ह्या बाईनं रातभर बसून तुला लेक दावला. त्यो लेक आता काठी घिऊन मेंढरं वळतो, आन् तू घोंगड्याव बसून ऱ्हा!"

भैरू उठला. एवढं ऐकल्यावर बसून राहण्याइतका तो मोठा माणूस नव्हता.

दाभण आणि सुतळी घेऊन चौघं बसली. घोंगड्याला घोंगडं, शिवणीवर शिवण, उतरत्या लाकडावर ताणून बांधलं. काळ्या लोकरीचं ते छप्पर लांबून असं दिसे की एखादं मोठं मेंढरू वावरात बसलंय आणि कुणाच्या बापाला भीत नाही.

मग हस्त आला. त्या वर्षी तो नुसता आला नाही, मुक्कामाला आला. घोडनदी काठ सोडून वर आली. आणि दबोराबाईंना गाडीसाठी राखणदार बघावा लागला नाही. ज्याचा माल वर, तो आपोआप राखणदार. भैरू पावसात उभा राहून शिवण तपासायचा, सैल सुतळी आवळायचा, वाऱ्याला शिव्या द्यायचा. दबोराबाई फटीत हात घालायच्या, काढायच्या, भैरूपुढं धरायच्या.

"कोरडा?"

"कोरडा."

"मग जरा चहा सांगा की, बाई."

दिवाळीनंतर पंच आले. पंच म्हणजे नथानिएल मास्तर आणि येशुदास उपदेशक. येशुदास साधा माणूस होता. जिकडं जास्त बोललं जाईल तिकडं मान हलवायचा. मास्तरांबरोबर सुतार होता. बांधावर तात्याबा, बानूबाई, भैरू आणि कंपाउंडातल्या ज्या बायकांना हसावं की प्रार्थना करावी कळत नव्हतं, त्या सगळ्या. आता त्या दोन्ही करत होत्या.

घोंगडी उतरवली. काड्या बाजूला केल्या. गाडी बाहेर आली, धुळीनं माखलेली, पण उभी.

मास्तरांनी छत्रीच्या टोकानं भिंतीवर ठोकलं. फुगलेलं लाकूड बद्द बोलतं. हे खणखणीत बोललं. त्यांनी दुसरीकडं ठोकलं, तिसरीकडं ठोकलं. सुतारानं नख लावून पापुद्रा सुटतो का पाहिला. "कुठंच न्हाई, मास्तर. एवढं कोरडं तर माझं घर न्हाई."

"कप्पे बघू," मास्तर गाडीत शिरत म्हणाले. ओलसर कप्पा अडकतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी दोन्ही पाय रोवून जोर लावून ओढला. कप्पा लोण्यासारखा आला. मास्तर त्याच्यासकट पलीकडच्या बिछान्यावर बसले. डोक्यावर कडुलिंबाचा पाला.

बांधावरचं हसू थांबायला बराच वेळ लागला. मास्तर उठले, पाला झटकला आणि नाक आक्रसलं. त्यांना अखेर काहीतरी सापडलं होतं.

"पण वास येतोय. लिहून घ्या, येशुदास. गाडीला मेंढरांचा वास येतोय."

"मास्तर," दबोराबाई शांतपणे म्हणाल्या, "ख्रिस्ती माणसानं मेंढराच्या वासाला नाव ठेवलेलं मी पहिल्यांदाच ऐकतेय."

येशुदास उपदेशकानं आयुष्यात पहिल्यांदा कुणी बोलायच्या आधी मान हलवली. जोरात हलवली. "आमेन," तो म्हणाला, आणि गाडीचा निकाल लागला.

भैरूची घोंगडीही पडून राहिली नाहीत. हस्ताचा अख्खा पाऊस खाऊन आत थेंब न सोडलेली घोंगडी म्हणून बाजारात त्याची ओरड अशी चालली की कोरी मागायला आलेली माणसं भिजलेली घेऊन गेली. तात्याबाच्या कडब्याचं मात्र पोट राहिलं नव्हतं, नुसत्या काड्या राहिल्या होत्या. तरी तो सांगत सुटला की पोकळ गंजी ही त्याचीच युक्ती.

मार्गशीर्षात दबोराबाई निघाल्या. पुढं तात्याबाची बैलजोडी आणि हाकायला तात्याबा. पडदे धुतलेले, टाकी भरलेली, खिडकीत आरसा. कंपाउंडाच्या फाटकातून गाडी बाहेर पडली तेव्हा मास्तर पोर्चात होते. त्यांनी टोपी थोडी उचलली. माणूस तसा वाईट नव्हता, खुराड्यासाठी अडला होता.

न्हावऱ्याला पोचेपर्यंत आठवडा-बाजार भरला होता. खिडक्यांची, पडद्यांची, बैलांनी ओढलेली खोली पाहून माणसं वजनकाटे सोडून आली. पोरं चाकांना झोंबली. पागोटेवाले एक आबा पुढं झाले, गाडीभोवती फिरून आले आणि तात्याबाला विचारते झाले:

"काय रं, कुना सायबाची म्हनायची ही?"

तात्याबा उत्तर द्यायच्या आधी दार उघडलं. पायरीवर दबोराबाई उभ्या राहिल्या. हातात चहाची बशी, पायात चपला नाहीत, घरात असल्यासारख्या.

"माझी," त्या म्हणाल्या.

"आन् निघाला कुठं? दवाखान्याच्या कामाला?"

"नाही आबा. काही काम नाही. हवा खायला."

आबांनी एकदा त्यांच्याकडं, एकदा बैलांकडं, एकदा दौंडच्या रस्त्याकडं पाहिलं. मग मागं वळून गर्दीवर ओरडले, "सरा की रं बाजूला! बाईस्नी वारा लागू द्या!"

गर्दी दुभंगली. दबोराबाईंनी बशीतला चहा संपवला, आणि तात्याबाला म्हणाल्या, "हळू घ्या. घाई कुणाला आहे?"