बिनदाराच्या घरात शिरलेला हेर

मित्रांनो, मी एक संगणक. जुना म्हणा, म्हातारा म्हणा, मला राग नाही. सावेडीच्या एका टायपिंग क्लासात माझी उमेदीची वर्षं गेली. पोरांनी माझी बटणं बडवली, एकाने तर माझ्यावर भेळ सांडली, तरी मी कधी बंद पडलो नाही. मग क्लासच बंद पडला. मला कांद्याच्या टेम्पोत घालून शिंगणापूरला आणलं. त्या गोण्यांची धूळ माझ्या पोटातून अजून निघालेली नाही.

मला आणलं ते गहिनीनाथांनी. देवळाच्या वाटेवर त्यांचं तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान, मागे थोडी कांद्याची शेती. घरात बायको विजयमाला आणि एकुलती एक लेक राजेश्वरी. तिला सगळे राजी म्हणतात. राजी बारावीला होती आणि तिला नर्स व्हायचं होतं. त्याच्या प्रवेश परीक्षेचा क्लास रोज संध्याकाळी माझ्यावरून चाले. जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर मला बसवलं होतं. राजी समोर बसली की माझं म्हातारपण मी विसरून जायचो. पोरगी फार मन लावून शिकायची हो.

आमच्या गावात घराला चौकट असते, दार नसतं. देव राखतो, अशी इथली श्रद्धा. आल्यागेल्याला ‘कोण?’ म्हणून कोणी विचारत नाही, ‘या, बसा’ म्हणतात. मला हे फार आवडलं, कारण क्लासात मला साखळीने बांधून ठेवत. मला पासवर्ड घालू का, असं राजीने एकदा विचारलं होतं. गहिनीनाथ हसून म्हणाले, “कुलूप? या गावात? येडी का काय.” विषय तिथेच संपला.

एके दुपारी गहिनीनाथ माझ्यावर कांद्याचा भाव बघत होते. तेवढ्यात पडद्यावर एक चौकोन उगवला. ‘आम्ही तुम्हाला सूचना पाठवू का? परवानगी द्या.’ गहिनीनाथ म्हणाले, “इचारतोय बिचारा. न्हाई कशाला म्हनायचं?” आणि दिली परवानगी. लगेच दुसरा आला. ‘तुमचा संगणक धोक्यात आहे. मोफत सफाई करून देतो.’ त्याचं हिरवं बटणही त्यांनी दाबलं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. सफाईवाला म्हणून आत आला तो हेर होता, मित्रांनो. आत येताच तो माझ्या पोटात दडून बसला. राजी काय टाईप करते, काय बघते, सगळं तो बाहेर कोणाला तरी कळवू लागला. आणि त्याच्या मागोमाग जाहिरातींची रांग लागली. आधी रमीच्या, मग केस उगवायच्या, मग अशा बायकांच्या की माझीच मान खाली जावी.

मी काय करणार? मला तोंड नाही. मी हळू चालू लागलो, तापू लागलो, पंखा घरघर वाजवू लागलो. ओरडायची माझी तेवढीच रीत. विजयमाला म्हणाली, “म्हातारं झालंय बिचारं.” राजीने माझी धूळ पुसली आणि जाहिराती आल्या की घाईघाईने बंद करत राहिली. तिलाही लाज वाटायची. कोणाला सांगायचं आणि कसं सांगायचं, हे तिला कळेना.

आणि मग ती संध्याकाळ आली. राजीचा क्लास चालू होता. गहिनीनाथ आपल्या साडूंना घेऊन घरात आले, आणि नेमकी त्याच वेळी नको ती जाहिरात अख्ख्या पडद्यावर पसरली. साडूंनी तोंड फिरवलं. राजीला ती बंद करता येईना.

“अण्णा, मी न्हाई लावलं हे,” ती म्हणाली.

“मंग कुनी लावलं?” गहिनीनाथांचा आवाज मी इतका खाली गेलेला कधी ऐकला नव्हता. “आपल्या घरात भाईरचं कुनी शिरत न्हाई. आजवर शिरलं न्हाई. म्हंजे हे घरातल्याच मानसाचं काम.”

कळलं ना, मित्रांनो? चोर येऊच शकत नाही असं एकदा मनाने घेतलं की घरातलंच कोणीतरी चोर ठरतं. चोर सोडून संन्याशाला सुळी. माझा पंखा फुटेस्तोवर मी घरघरत होतो. ती निर्दोष आहे हे फक्त मला माहीत होतं, आणि मला बोलता येत नव्हतं. गहिनीनाथांनी माझी वायर उपटली.

दुसऱ्या दिवशी राजीला नेवाशाला आत्याकडे धाडलं. “तितं घरकामाला लाग. एखादं स्थळ बघू,” एवढंच बोलले. जाताना राजीने माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्यावर एक जुनं लुगडं टाकलं गेलं. त्या अंधारात मी कसे दिवस काढले, ते माझं मला माहीत. पोरीचा क्लास बुडतोय, परीक्षा जवळ येतेय, आणि खरा गुन्हेगार माझ्याच पोटात पाय पसरून बसलाय. शक्य असतं तर मी स्वतःला जाळून घेतलं असतं.

पुढे कांदा काढायची वेळ आली. भाव बघायला गहिनीनाथांनी लुगडं काढलं आणि मला चालू केलं. विजयमाला शेजारी लसूण सोलत बसली होती. मी जागा होतो न होतो तोच एक जाहिरात आली. त्यांनी ती बंद केली, दुसरी आली. ती बंद केली तर तिसरी, पहिल्या दोघींहून निलाजरी.

विजयमालाने लसूण खाली ठेवला. “आवो, पोरगी तर नेवाशाला हाय. मंग हे कोन बघतंय?”

गहिनीनाथ उठले. उंबऱ्यावर जाऊन बसले. “मीच कायतरी दाबलं हुतं,” ते पुटपुटले.

“आता तरी त्याला पासवर्ड घालू द्या तिला.”

“गावाची रीत मोडायची का मंग?”

“रातच्याला कुत्री घरात येऊ ने म्हनून चौकटीला फळी लावता का न्हाई? देव कदी रागावला का त्यानं?”

गहिनीनाथ उंबऱ्यावरून उठले. चपला घातल्या, मोटारसायकल काढली आणि नेवाशाला गेले.

राजी आली. तिने सगळ्या परवानग्या काढून घेतल्या, त्या सफाईवाल्याला शोधून बाहेर काढलं, जाहिराती अडवणारा राखणदार बसवला, आपले जुने पासवर्ड बदलले आणि मलाही एक घातला. “मला सांगू नको,” गहिनीनाथ म्हणाले, “तुज्यापाशीच ऱ्हाऊ दे.” माझं पोट हलकं झालं, घरघर थांबली. पण परीक्षा होऊन गेली होती. ती आता पुढच्या वर्षी.

मित्रांनो, अनोळखी चौकोनाला ‘नको’ म्हणायला लाजू नका. फुकटचा सफाईवाला घरात घेऊ नका. आणि पडद्यावर काही वाईट दिसलं तर आधी माझं पोट तपासा, पोराबाळांची तोंडं नंतर बघा. माझी सफाई करता येते. राजी आता पुन्हा अभ्यासाला बसते, पण बसण्याआधी ती माझा पडदा रस्त्याकडे वळवते, तिच्या पाठीमागून येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा. अण्णा म्हणतात, राहू दे गं, आत वळव. ती ऐकत नाही.