नावातली माणसं

बेल्ह्याच्या बाजारतळासमोर सोमनाथचं फ्लेक्सचं दुकान आहे. पंचक्रोशीत कोणी निवडून आलं, जन्मलं किंवा वारलं, तर सोमनाथनं छापल्याशिवाय ते खरं धरत नाहीत.

लोणीच्या म्हस्कूची मुलगी शीला जनावरांची डॉक्टर झाली. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातली पहिलीच, म्हणून गावानं सत्कार ठरवला. सत्कार समितीचे अध्यक्ष गेणभाऊ. समिती त्यांनीच नेमली होती.

फ्लेक्ससाठी फोटो म्हस्कूच्या मेंढवाड्यापुढं काढला. शीला गावात नव्हती, त्यामुळे मधोमध गेणभाऊ उभे राहिले. दोन्ही बाजूंना चौदा शुभेच्छुक, मागं मेंढरं. म्हस्कू पार कडेला, काखेत कोकरू घेऊन. ते खाली ठेव, असं त्याला कोणी सांगितलं नाही.

सोमनाथनं नवी युक्ती काढली. कॉम्प्युटरवर खाली फोटोचा लेयर, म्हणजे थर, वर कोऱ्या पांढऱ्याचा. पांढऱ्यात ‘डॉ. शीला’ ही अक्षरं कापायची, पोत्यावर मार्का मारायच्या पत्र्यात कापतात तशी. मग फोटो दिसतो तो फक्त अक्षरांच्या आत. गेणभाऊंना कल्पना पसंत पडली. त्यांचा एक कान बाहेर राहत होता, तेवढाच प्रश्न होता. सोमनाथनं अक्षर जाड केलं. कान आला. मग डावीकडच्या शुभेच्छुकाची टोपी राहिली, उजवीकडच्याची मिशी राहिली. संध्याकाळपर्यंत अक्षरं चांगली बाळसेदार झाली आणि पंधराही जण पुरते आत बसले.

म्हस्कू तेवढा बाहेर राहिला. त्याच्यासाठी फोटो सरकवला की गेणभाऊ अर्धे व्हायचे. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या म्हस्कूनं, आमचं राहू द्या, असं सांगून विषय मिटवला. आता कायबी हलवायचं न्हाई, अशी ताकीद देऊन गेणभाऊ निघून गेले.

दुसऱ्या दिवशी शीला दुकानात आली. पडद्यावर स्वतःच्या नावात पंधरा माणसं पाहिली. वडील कुठं आहेत, असं तिनं विचारलं. सोमनाथनं पांढऱ्या लेयरवर बोट ठेवलं. ह्याच्याखाली आहेत, म्हणाला.

तिनं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

“सोमनाथभाऊ, हे उलटं व्हईल का? अक्षरं पांढरी, बाकी फोटो?”

सोमनाथला गेणभाऊंची ताकीद आठवली. त्यानं विचार केला. ह्यात हलत तर काहीच नव्हतं. त्यानं बटण दाबलं.

सत्काराच्या सकाळी फ्लेक्स लागला. कडेला म्हस्कू, काखेत कोकरू, मागं चाळीसेक मेंढरं, आणि मधोमध भरघोस पांढरी अक्षरं. गेणभाऊंनी तो दोनदा वाचला आणि सोमनाथला फोन लावला.

“आमी कुठंय रं ह्याच्यात?”

“नावात हाय की, भाऊ. समदे जिथल्या तिथं. एक इंचबी हलवलं न्हाई.”

गेणभाऊंनी फोन ठेवला. शेवटी ते फ्लेक्सपुढं गेले, अंदाजानं आपलं अक्षर शोधलं आणि त्याला पाठ लावून मोबाइलवर फोटो काढून घेतला. मागोमाग चौदा जणांची रांग लागली.

म्हस्कू लांबून वर बघत होता. कोकराचे कान जरा मोठे आलेत, एवढंच त्याचं म्हणणं पडलं.