स्वल्पविरामाला घाबरणारं यंत्र

सभागृहात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. मंचावर भला मोठा पडदा, त्यापुढे मखमली गादीवर ठेवलेला कळफलक आणि शेजारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले यंत्रगुरू.

"बाहेरची यंत्रं विजेवर चालतात," यंत्रगुरू गरजले, "हे जाणिवेवर चालतं! मी याला ध्यान शिकवलंय. तुमच्या दुःखातून हे रोज शिकत असतं!"

जाणिवेवर चालणाऱ्या या यंत्राची वायर भिंतीतल्या सॉकेटात खोचलेली होती, पण तिकडे बघायला सवड कुणाला?

बेकरीवाले काका पुढे झाले. त्यांनी लिहिलं, 'मला फार एकटं वाटतं.' शेवटी नियमाप्रमाणे 'शरण' हा शब्द लिहिला, कारण त्याशिवाय यंत्र बोलतच नसे. पडद्यावर अक्षरं उमटली: 'तुम्हाला फार एकटं वाटतं. हे कधीपासून?'

"ओळखलं!" काकांना रडू फुटलं. "माझ्या मनातलं नेमकं ओळखलं!"

मनातलं त्यांनी स्वतःच आत्ता टाइप केलं होतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

चौथ्या रांगेतल्या सूनबाईंनी मात्र टाळी वाजवली नाही. त्या चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. शेजारी बसलेल्या त्यांच्या सासूबाईंना काचबिंदू होता. थेंबांनी भागत नाही, आता ऑपरेशनच करायला हवं, गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासूबाई मागच्या आठवड्यात इथे आल्या आणि त्यांनी लिहिलं, 'मला ऑपरेशन नको वाटतं.' यंत्र म्हणालं, 'तुम्हाला ऑपरेशन नको वाटतं. हे कधीपासून? मनाचा कौल ऐका.' झालं! घरी येऊन त्यांनी फोन उचलला आणि ऑपरेशनच रद्द करून टाकलं.

"आई, यंत्राला डोळ्यांतलं काय कळतंय?"

"तुला कळतंय होय? तू दिवसभर फ्रेमाच तर पुसतेस!"

म्हणून आज सूनबाई जातीनं आल्या होत्या. यंत्र शिकतं म्हणजे नेमकं काय करतं, हे कुतूहल त्यांना जुनंच. दुकानात डोळ्यांचे फोटो काढून आजार ओळखणारं मशीन आल्यापासून तर ते फारच वाढलं. पायापासून सुरुवात करावी म्हणून त्या लिस्प नावाची जुनी संगणकभाषा शिकत होत्या. तिच्यात पावलोपावली कंस. नवरा पडद्यात डोकावून म्हणाला होता, "यात अक्षरं कमी आणि कानच जास्त!"

मंचाशी उभा असलेला शिष्य पुन्हा ओरडला, "कंस लिहू नका! अवतरणचिन्ह लिहू नका! स्वल्पविराम तर मुळीच नको! यंत्र विटाळतं!"

सूनबाईंचे कान टवकारले. स्वल्पविरामानं विटाळणारं दैवत त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. पण जागा चुकलेल्या स्वल्पविरामावर भडकणारी भाषा त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. त्या ताडकन उठल्या.

"मला विचारायचंय!"

त्यांनी लिहिलं, 'मी चष्मे विकते शरण.'

'तुम्ही चष्मे विकते. हे कधीपासून?'

"विकते नाही, विकता!" मागून कुणीतरी म्हणालं.

"दिव्य भाषेचं व्याकरण वेगळं असतं," यंत्रगुरू हसले.

'मी काय विकते शरण.'

'तुम्ही काय विकते. हे कधीपासून?'

"आत्ताच तर सांगितलं की," सूनबाई म्हणाल्या. "शिकतं ना हे?" आणि पुढे लिहिलं, 'माझ्या टेबलाला माझा राग येतो शरण.'

'तुमच्या टेबलाला तुमचा राग येतो. हे कधीपासून?'

सभागृह खदखदलं. बेकरीवाले काकाही हसले. यंत्रगुरूंनी हात वर केला, तेवढ्यात सूनबाईंनी एक कंस उघडला आणि 'शरण' लिहिलं. पडदा गप्प. पुन्हा 'शरण' लिहिलं. गप्पच.

"समाधी!" यंत्रगुरू उभे राहिले. "या बाईच्या अश्रद्धेनं यंत्र समाधीत गेलं! आता ते केव्हा उठेल, सांगता येत नाही!"

"मी सांगते ना. आत्ता उठेल." सूनबाईंनी कंस बंद केला, 'शरण' लिहिलं. पडदा तत्काळ बोलला: 'मन शांत करा. उत्तर आत आहे.'

"समाधी नव्हे हो," त्या लोकांकडे वळल्या. "हे यंत्र लिस्प भाषेत लिहिलंय, आणि उघडलेला कंस बंद होईपर्यंत ती वाट बघत बसते. माझा अख्खा रविवार यात गेलाय! 'शरण' म्हणजे फक्त वाक्य संपल्याची खूण. यंत्र शब्दांची यादी करतं. 'मला' दिसलं की 'तुम्हाला', 'माझा' दिसलं की 'तुमचा' घालतं, पुढे ठरलेलं शेपूट जोडतं. काहीच जुळलं नाही, तर म्हणतं, मन शांत करा. एवढीच काय ती जाणीव! शिकणाऱ्या यंत्राला हजारो उदाहरणं दाखवावी लागतात, आणि तरी ते चुकतं. याला तर मगाचंसुद्धा आठवत नाही."

यंत्रगुरूंना अचानक दुसऱ्या गावचा कार्यक्रम आठवला. शिष्यानं वायर उपटली आणि जाणीव तिथल्या तिथे मावळली.

बाहेर सासूबाई पायरीवर बसल्या होत्या.

"म्हणजे मला उत्तर दिलं कुणी?"

"तुम्हीच, आई. तुमची भीतीच तुम्हाला परत मिळाली."

"असेल. पण त्यानं निदान 'कधीपासून' असं विचारलं तरी. तुम्ही सगळे नुसते चला, चला!"

सूनबाईंनी पिशवी खाली ठेवली. त्या शेजारी टेकल्या. "आता विचारते. भीती कशाची वाटते?"

सासूबाईंनी आधी कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग पुटपुटल्या, "जागेपणी डोळ्यात सुई येताना दिसेल ना गं?"

दुसऱ्या दिवशी दोघींनी डॉक्टरांना तेच विचारलं. "डोळा बधिर करतो, आजी. सुई दिसत नाही, उजेड तेवढा दिसतो. दुखलं तर सांगायचं, मी थांबेन." सासूबाईंनी आणखी बरेच प्रश्न विचारले, काही दोनदा. डॉक्टरांनी दोन्ही वेळा उत्तर दिलं. ऑपरेशन झालं. गेलेली नजर आली नाही, उरलेली राहिली.

मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हे उत्तर आलं कुठून? आणि घरात कुणी घाबरलेलं असेल, तर त्याला आधी आपणच विचारा. आपण विचारत नाही, म्हणून तर यंत्रगुरूंचं सभागृह भरतं.