पालथा डबा

झाकणाच्या कडेला गंजाचा पापुद्रा सुटला होता, नखाएवढा, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक लावल्यावर तो आत पडतो की बाहेर, एवढंच ती बघत राहिली. आत पडला, झाकण निघालं. जिन्याखालच्या खोलीत वाकून बसल्यानं मान अवघडली होती, उजेड बेताचाच, पण रंगावर पसरलेले तपकिरी ओघळ दिसायला तेवढा पुरे होता — आणि ते दिसताच छातीत काहीतरी हलकं झालं. हलकं? रंग नासला. म्हणजे काम गेलं. म्हणजे शिडी नाही...

"मिळाला का गं?" बाहेरच्या खोलीतून नवऱ्यानं विचारलं.

"शोधतेय." डबा मांडीला टेकलेला असताना ती म्हणाली.

सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला आणि माणूस पालटला. त्यांच्या जिन्यातली भिंत ओलीनं सोलली होती. डागडुजी झाली, आता वरच्या तेवढ्या तुकड्याला तोच रंग हवा. तो कुठल्या दुकानात मिळणार? यानं स्वतः नजरेनं कालवलेला, शेवाळी म्हणावा की करडा ते ठरू न देणारा. 'तोंड उघडायला येणाऱ्यांना भडक भिंत दाखवू नये, आधीच भेदरलेले असतात,' असं तेव्हा तो म्हणाला होता. त्यातला उरलेला हा एवढाच डबा. फोन ठेवून तो थेट दाढी करायला गेला. शिडीवरून पडल्यापासून वर्षभर 'कुणाला दाखवायचंय थोबाड' म्हणणारा माणूस.

तो पडला तेव्हा ती तिथं नव्हती, तरी तो आवाज तिनंच ऐकला होता. ताट निसटलं, दार आपटलं की अजून ऐकू यायचा. बरगड्या जुळल्या. पण हात वर नेला की त्याचा श्वास अडकतो — तो ते लपवतो, आणि आपल्याला ते दिसतं हे ती लपवते. संसार आणखी वेगळा काय असतो?

डबा गंजतो तो तोंडाकडून. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, रंगाऱ्याच्या घरात राहून अंगात मुरलं होतं. उघडताना दर खेपेला कडेवरचा चकचकीत मुलामा खरवडायचा, खाचेत रंग वाळू द्यायचा, मग झाकण बसत नाही म्हणून हातोडीनं ठोकायचं. खालची फरशी बारमाही दमट. आणि याची खोड म्हणजे डबा पालथा ठेवायचा. तेलाच्या रंगाच्या दिवसांतली खोड, साय धरली तर तळाशी धरावी म्हणून. पाण्याचे रंग आले, खोड गेली नाही. खरवडलेल्या कडेवर मग पाणीच टेकून राहणार... ती एकदा म्हणालीही होती, अहो, यात पाणी असतं ना, ते तोंडाशी येत नाही का? "मला रंग शिकवून झाला की डॉक्टरीणबाईंना दात उपटायला शिकव," तो हसला होता.

तिनं ढवळायची काठी हळूच आत घातली. ओघळांखाली रंग शाबूत होता. दाट, थंड, जसाच्या तसा. वरचा थर पळीनं काढला, उरलेला गाळून घेतला, तर तुकडा निघेल. आणि काठी दोनदा गरगर फिरवली, की गंज खालपर्यंत उतरेल, मग कुणाच्या बापालाही तो रंग सापडायचा नाही. कुणी खोटं बोलायला नको. डबाच सांगेल.

मी असं करीन? मी?

"अगं, सापडला असेल तर ढवळू नकोस हं. वरचं आधी बघू दे मला."

"तुम्ही कशाला येताय, वाकवत नाही तुम्हाला."

"वाकतो की. शिडी चढायची ती काय उभ्या उभ्या?"

खुर्ची सरकली. पावलं आली, अडखळती, पण घाईची. अशी घाई या घरानं वर्षभर ऐकली नव्हती. मध्येच तो थांबला, श्वास घेतला असावा, आणि वर शीळ घातली, जणू शीळ घालायलाच थांबला होता. तिला हसू आलं, मग राग आला, मग दोन्ही कुठे गेलं कळेना. याला बरं करतेय, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आली होती. पथ्य, औषधं, दुपारची झोप. खाली जाऊ नका, जड उचलू नका. आणि रात्री तो शेजारी आहे एवढ्यावर तिला कशी गाढ झोप लागायची... बरं कुठे केलं? नुसतं ठेवलं. जपून, झाकण ठोकून.

दारात त्याची सावली पडली. काठीवरची तिची बोटं सैल होईनात, आणि ती फिरेनातही.