शिळी लाइन

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. जुनी म्हणा, थकलेली म्हणा, पण टाकाऊ म्हणाल तर मी रुसेन. लॅपटॉपच्या पोटात माझं घर. जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला, तिथलं फारसं आठवत नाही. आठवतं ते सुलतानपूरजवळचं मळ्यातलं घर आणि त्या घरातली पूनम.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना पूनमचं लग्न झालं आणि पुस्तकं पेटीत गेली. दहा वर्षांनी तिनं मुक्त विद्यापीठात पुन्हा नाव घातलं. तिच्या नवऱ्यानं, गोपालनं, मेहकरहून एक वापरलेला लॅपटॉप आणला, त्यात मी होते. तेव्हा मी सलग तीन तास चालायचे. पूनम आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची आणि मी मनातल्या मनात फुगायचे. बॅटरीनं फुगणं चांगलं नसतं, हे मला पुढे कळलं.

पूनमची सासू म्हणजे सुभद्राबाई. मळ्यात लाइन आली, म्हणजे वीज आली, की विहिरीवरची मोटार सुरू व्हायची. मोटार सुरू झाली की सुभद्राबाई रांजणातलं कालचं पाणी ओतून द्यायच्या, रांजण घासायच्या आणि ताजं भरायच्या. शिळं पाणी त्या कुणाला पिऊ देत नसत. एकदा त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"काऊन वो पूनम, कालची लाइन याच्यात तशीच हाय का अजून? शिळी झाली ते. संपव सगळी, अन् मंग ताजी भर."

सासूचा शब्द पूनमनं झेलला. रोज मला पार शून्यावर न्यायची, मग काठोकाठ भरायची आणि रात्रभर तशीच वायरीला लावून ठेवायची. दोघींच्या मनात माझं भलंच होतं, म्हणून मी त्यांना बोल लावत नाही. पण माझा जीव मेटाकुटीला आला. दोन वर्षांत तीन तासांवरून मी पाऊण तासावर आले.

पूनम मला घेऊन लोणारला आसिफकडे गेली. त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे.

"नवीन बॅटरी टाकून द्या, आसिफभाऊ."

"थांबा वहिनी. आधी हिचे हाल काऊन झाले ते पाहू."

पूनमनं शिळ्या लाइनची गोष्ट सांगितली. आसिफ हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "लाइन शिळी नाही होत, वहिनी. तळ गाठला तरी हिचा जीव जाते, अन् भरून लावून ठेवली तरी जाते."

मग त्यानं लॅपटॉपमधली जुनी, जड झालेली सिस्टिम काढली आणि लिनक्स नावाची हलकी सिस्टिम टाकली. मला वाटलं, आता आपले दिवस फिरले. कसचं काय. घरी गेल्यावर पहिल्याच दिवशी मी अर्ध्या तासात बसले. पूनमचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दुकानात हजर.

"लिनक्सले सांगावं लागते," आसिफ म्हणाला. "सांगतलं का ऐकते."

त्यानं वीज वाचवणारा प्रोग्राम बसवला. ब्लूटूथसारख्या बिनकामाच्या गोष्टी बंद केल्या, पडद्याचा उजेड कमी केला आणि ऐंशी टक्के झालं की माझं भरणं आपोआप थांबेल असं करून दिलं. त्यानंतर मी पावणेदोन तास चालू लागले. म्हातारपणी एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

सुभद्राबाईंना ते ऐंशी टक्के काही पटेनात. "पाऊण घागर घेऊन कोनी विहिरीवरून येते का?" त्या विचारायच्या. पूनम नुसती हसायची.

आणि तो दिवस आला. पूनमच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प संध्याकाळी पाचपर्यंत ऑनलाइन पाठवायचा होता. विषय होता घरचं बियाणं जपण्याच्या पद्धती. यंदा हुकलं तर तिची नोंदणीच संपणार होती, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. प्रकल्प तपासणाऱ्या मॅडमनी सांगितलेल्या दुरुस्त्या त्याच सकाळी आल्या होत्या. नेमकी तेव्हाच सुभद्राबाई रांजण घासता घासता म्हणाल्या, "कालची असंन ते. संपव अन् ताजी भर."

"राहू द्या आई, आज नको," पूनम म्हणाली. त्या दोन शब्दांसाठी मी तिची जन्माची ऋणी आहे.

कारण दुपारी अडीचला मळ्याची डीपी, म्हणजे वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली. डीपी जळाली की चार दिवसांची निश्चिंती. गोपाल गाडी घेऊन शेगावला भाजी पोचवायला गेलेला, आणि गाव पायी तासाभराच्या वाटेवर. पूनमनं हिशेब केला. काम दोन तासांचं, मी पावणेदोन तासांची. आणखी उजेड कमी करावा, तर दुपारच्या लख्ख उन्हात पडद्यावरचं अक्षर दिसेना.

सुभद्राबाई उठल्या. त्यांनी दाराला घोंगडी लावली, खिडकीत गोणपाट कोंबलं. खोलीत अंधार झाला.

"आता कर कमी," त्या म्हणाल्या, आणि पदरानं सुनेला वारा घालत बसल्या. वांग्याचं बी राखेत कसं ठेवतात, ते पूनम टाइप करत होती आणि त्या मधूनमधून सांगत होत्या, "राख चाळून, असं लिही."

मी जीव राखून चालत होते. वीस टक्के, बारा, सात. चार वाजून चाळीस मिनिटांनी मोबाइलच्या नेटवर अहवाल गेला. 'अहवाल मिळाला' अशी अक्षरं उमटली, पूनमनं ती दोनदा वाचली आणि मी डोळे मिटले.

पूनम सासूच्या गळ्यात पडून रडली. सुभद्राबाई तिची पाठ थोपटत म्हणाल्या, "कालचीच पुरली वो माय."

मित्रांनो, पूनम पास झाली. त्या अहवालात ऋणनिर्देशाचं एक पान आहे. त्यावर सुभद्राबाईंचं नाव आहे, आसिफभाऊंचं आहे आणि सर्वांत शेवटी लिहिलंय, 'आमची जुनी बॅटरी'. ते पान मीच उजेडात धरलं होतं, म्हणून मला पाठ आहे.

तुमच्याही घरी माझी एखादी बहीण असेल. तिला पार रिकामी करू नका, रोज काठोकाठ भरून वायरीला बांधून ठेवू नका. एक दिवस आम्ही खरंच बसू, तेव्हा उकिरड्यावर किंवा जाळात न टाकता आसिफभाऊंसारख्या जाणत्या माणसाच्या हाती द्या.

सुभद्राबाई अजूनही रोज सकाळी रांजणातलं कालचं पाणी ओतून देतात. जाता जाता लॅपटॉपवरची धूळ पदरानं पुसतात आणि पूनमला विचारतात, "शिळी हाय ना याच्यात थोडी? असू दे."